भोंग्याआधीचे अकरा सेकंद

“लई म्हंजे किती?”

सुनंदा आक्कांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. बेळगावच्या ज्या मराठी दैनिकात मी बातमीदार होतो, तिथे दुपारी चारनंतर पान लावायचं काम रखडायला लागे. पान उघडायला सांगितलं की पडदा पांढरा होऊन थांबायचा. महिनाभर सगळ्यांचं सगळ्यांवर चिडून झालं. शेवटी आमच्या ऑपरेटरने वडगावहून आपल्या मावसबहिणीला आणलं. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्या कॉम्प्युटर सांभाळत. वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर फिकट रंगाची हातमागाची साडी, खांद्याला कापडी पिशवी. बसायला दिलेली खुर्ची त्यांनी पायाने बाजूला सारली.

“आक्का, लई स्लो चाललंय बगा,” ऑपरेटर म्हणाला.

“लई म्हंजे किती?”

“आता कसं सांगू? पान उघडायला लावून चहा पिऊन येतोय आमी.”

“कपानं पितासा का बशीनं?”

सगळे हसले. आक्का हसल्या नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं. त्यांनी तेच पान तीनदा उघडून घेतलं. पहिली वेळ सोडून दिली. बाकीच्या दोन मोठ्याने सांगितल्या: अडतीस सेकंद, एकोणचाळीस सेकंद. मग पानं जिथे साठवली जात त्या मुख्य मशीनसमोर उभ्या राहून त्यांनी काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप केली, एंटर दाबलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“आता उघडा पान. आनि मोजत असताना कुनी कशाला हात लावायचा न्हाय.”

आम्ही सहा-सात जण भिंतीला टेकून गप्प उभे राहिलो. एका वार्ताहराचा फोन वाजला, तो धावत बाहेर गेला. थोड्या वेळाने पडद्यावर यादी उमटली. वरची ओळ वाचून आक्कांनी विचारलं, “फोटो बारीक करत बसलंय. कुठले फोटो ह्ये?”

ते निधनवार्तांचे होते. चौदा वर्षांत छापलेले मृतांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये पडून होते. पान उघडलं की प्रोग्राम त्यातला एकेक फोटो उघडायचा, त्याची छोटी प्रत बनवायचा आणि सगळे संपल्यावर पुढच्या कामाला लागायचा. रोज त्यात तिघाचौघांची भर पडत होती.

“तुमचं मशीन रोज सगळ्या मेलेल्यांची तोंडं बघून मग कामाला लागतंय,” आक्का म्हणाल्या.

फोल्डर दुसरीकडे हलवला. पान दोन सेकंदांत उघडलं. तरीही त्या संध्याकाळी निधनवार्तांचं पान लावायला कोणी स्वतःहून पुढे आलं नाही.

त्या साधनाचं नाव पर्फ. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माउस लागत नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचा: अमुक प्रोग्रामवर नजर ठेव आणि नोंद कर. मग ते एका सेकंदात ठरावीक वेळा त्या प्रोग्रामकडे डोकावतं आणि त्या क्षणी तो कोणत्या कामात आहे ते लिहून ठेवतं. अशा हजारो नोंदी जमल्या की वेळ कुठे खर्च होतो ते दिसतं. आक्का त्याला सेकंदाला नव्व्याण्णव वेळा डोकावायला सांगत. शंभर का नाही, असं मी एकदा विचारलं.

“मशीनमदली बरीच कामं शंभराच्या ठेक्यावर चालत्यात,” त्या म्हणाल्या. “आपनबी शंभरावर गेलो तर पावलात पाऊल पडतंय. दर बारीला तेच दिसनार. मधलं कायच दिसनार न्हाय.”

आक्का हे कॉम्प्युटरवर नव्हे, मागावर शिकल्या होत्या. वडगावात त्यांच्या वडिलांचे चार पॉवरलूम होते आणि घर त्यांच्या मागच्या खोलीत होतं. तुटलेला धागा हेरायला वडील मुलीला मागापुढे उभं करत. चालत्या मागाकडे एकटक बघत राहिलं की नजर मागासोबत हलू लागते आणि तुटलेला धागा दर फेरीला निसटतो. म्हणून ठेका सोडून बघायचं: मध्येच मान वळवायची, मध्येच पुन्हा बघायचं. ती सवय आक्कांच्या मानेत कायमची बसली होती. समोरच्याचं बोलणं ऐकताना त्या अचानक दुसरीकडे पाहत आणि अचानक परत त्याच्याकडे पाहत. नवख्या माणसाला तो अपमान वाटे. खोटं बोलणाऱ्याला त्याहून वाईट काहीतरी वाटे.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली, तेव्हा धाकटा भाऊ मारुती चार वर्षांचा होता. त्याला त्यांनीच वाढवलं. माग विकल्यावर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, फाउंड्रीत लागल्या आणि पुढे मारुतीलाही त्याच फाउंड्रीत चिकटवलं. तो भट्टीवर होता. बहीण-भाऊ सकाळी सातच्या पाळीला एकाच मोटरसायकलवरून जात. मारुतीची बायको रेखा निपाणीची, तोंडाची फटकळ. मी त्यांच्या घरी बसलो असताना तिने एकदा नणंदेची खोड काढली.

“आक्का, सगळ्यांस्नी इचारतासा, लई म्हंजे किती. तुमचा भाऊ मला बघायला आलता तवा म्हनला, पोरगी लई आवडली. तवा का न्हाय इचारलंसा?”

“इचारलं हुतं,” आक्का म्हणाल्या. “त्येला सांगता आलं न्हाय.”

मारुती ताटावरून उठून हात धुवायला गेला. रेखा पदर तोंडाला लावून हसत राहिली.

भट्टीच्या मंचावर एका पाळीला चार माणसं असतात. भट्टी विजेवर चालते. आत वितळलेलं लोखंड, त्याभोवती पांढरी भुकटी ठोकून बसवलेलं अस्तर, अस्तराबाहेर तांब्याच्या नळीची वेटोळी, आणि त्या नळीतून फिरणारं पाणी. लोखंड आणि पाणी यांच्यामध्ये एवढं अस्तरच असतं, आणि ते रोज झिजतं. लोखंड पाण्यापर्यंत पोचलं तर स्फोट होतो. अस्तर किती झिजलंय याचा आकडा आक्कांचा प्रोग्राम दिवसभर वाचत असे. आकडा मर्यादेबाहेर गेला तर भट्टीची वीज तोडणारी यंत्रणा वेगळी होती आणि ती चोख होती. पण वीज तोडल्याने वितळलेलं लोखंड थंड होत नाही. माणसांनी मंचावरून उतरून पळायचं असतं, आणि ते त्यांना भोंग्याने कळतं. आकडा मर्यादेबाहेर गेल्यापासून एका सेकंदाच्या आत भोंगा वाजला पाहिजे, असा कारखान्याचा लेखी नियम होता.

भोंग्याबरोबर ध्वनिमुद्रित सूचना वाजायची: भट्टी सोडा, बाहेर पडा. ती बसवली त्या आठवड्यात भांडण झालं. सूचना तीन भाषांत होती, कन्नड, मराठी आणि परप्रांतातून आलेल्या कामगारांसाठी हिंदी. एकामागून एक वाजायची, म्हणजे कोणतीतरी आधी वाजायची. सीमाभागात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. आठ दिवस गेटवर दोन्हीकडचे लोक जमत होते. क्रम बदलला, तर दुसरी बाजू आली. दिवसाआड बदलला, तर दोन्ही बाजू आल्या. अखेर दोन्हीकडच्या कामगारांची समिती बसली आणि तोडगा आक्कांनी सुचवला. तीन स्पीकर, तीन बाजूंना, एका भाषेला एक. तिन्ही एकाच उंचीवर, मंचापासून एकाच अंतरावर. समितीने स्वतः टेप लावून मोजलं. तिन्ही एकाच क्षणी बोलतील. त्यासाठी प्रोग्राम आधी तिघांनाही विचारेल, तयार आहे का? तिघांचा होकार आला की भोंगा आणि तिन्ही सूचना एकदम सुरू होतील. जुना, हाताने दाबायच्या बटणाचा भोंगाही याच प्रोग्रामला जोडला गेला, कारण तो वाजल्यावरही सूचना लागणारच होती.

भांडण मिटलं. आक्कांचा सत्कार झाला. शालीचं एक टोक एका बाजूच्या पुढाऱ्याने धरलं, दुसरं दुसऱ्या बाजूच्या. फोटो आमच्या अंकात आला. खालच्या दोन ओळी मी लिहिल्या होत्या.

तीन वर्षं काही झालं नाही. चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये जेवता जेवता मारुती म्हणाला, “आज चाचनीत भोंगा उशिरा वाजला गं आक्का.”

“किती?”

“भोंगा दाबलाय असं खालनं सायेबानं हात करून सांगितलं. तवापास्नं मी भंगाराचे दोन तुकडे उचलून आत सोडलो. मग वाजला.”

आक्कांनी त्याला उठवलं आणि अंगणात उभं करून तुकडे उचलून सोडायची नक्कल करायला लावली. एकदा नव्हे, तीनदा. रेखा दारात उभी होती. तिने नंतर मला सांगितलं, “मला हसू आलं हुतं. पन आक्कांचं तोंड बघून हसलो न्हाय.”

दुसऱ्या दिवसापासून आक्का मोजू लागल्या. त्या प्रोग्रामला अस्तराचा खोटा आकडा पाठवत आणि भोंगा किती वेळाने वाजतो ते पाहत. सकाळी दर वेळी अर्ध्या सेकंदाच्या आत वाजला. दुपारीही बहुतेक वेळा तसाच. पण दुपारच्या मोजणीत मधूनच एखादी वेळ अशी येई की खोटा आकडा पोचलेला आहे आणि कारखाना शांत आहे. पाच सेकंद. आठ. अकराव्या सेकंदाला भोंगा.

त्यांनी पर्फला नोंद करायला सांगितलं. अशी एक वेळ पकडायला चार दिवस लागले. सापडली तेव्हा यादी जवळजवळ कोरी होती. मॅनेजर साहेब ती पाहून खूश झाले.

“प्रोग्राम काहीच वेळ घेत नाही की ओ. चांगलंच आहे.”

“सायेब, अकरा सेकंद, सेकंदाला नव्व्याण्णव. हजाराच्या वर नोंदी पायजेत. हाईत सात.”

“मग?”

“ह्ये पळनाऱ्याला बघतंय. थांबल्याला बघत न्हाय. सात नोंदी म्हंजे आपला प्रोग्राम अकरा सेकंद कुनाची तरी वाट बघत बसलाय.”

“कोणाची?”

“त्ये अजून मोजलं न्हाय.”

अंदाज विचारला तरी त्या सांगत नसत. वाटतंय ते देवळात सांगा, हितं आकडा सांगा, असं त्या नव्या मुलांना बजावत. पर्फमध्ये दुसरा एक हुकूम आहे. प्रोग्राम कधी झोपला, किती वेळ झोपला आणि कोणी उठवलं, याची नोंद तो करतो. आक्कांनी तो लावला. आणखी तीन दुपारी गेल्या. चौथ्या दुपारी उत्तर आलं. प्रोग्रामने तिन्ही स्पीकरना विचारलं होतं, तयार आहे का? दोघांनी लगेच होकार दिला होता. तिसऱ्याचा होकार अकरा सेकंदांनी आला होता. तोपर्यंत प्रोग्राम झोपून होता.

तिसरा स्पीकर भट्टीच्या तोंडाकडच्या खांबावर होता. उन्हाळ्यात दुपारी त्याचा डबा तापून बंद पडे, आपणहून पुन्हा सुरू होई आणि सुरू व्हायला तेवढा वेळ घेई. तो कोणत्या भाषेचा, हे मी आक्कांना दोनदा विचारलं.

“डब्याला भाषा नस्तीया,” त्या म्हणाल्या. “ऊन लागतंय त्येला, बस.”

मला त्या हे घरी सांगत होत्या. सांगून झाल्यावर पिशवीतून कागद काढला. त्यावर प्रोग्रामच्या पाच ओळी छापलेल्या होत्या. चौथ्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली होती.

“तिघांची वाट बघ, असं हितं लिवलंय. ही वळ माझी हाय. शाल घातली ती ह्याच वळीबद्दल.”

रेखा आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

मॅनेजर साहेबांनी तिसरा डबा नवा आणला. डबा दुसरीकडे हलवा, असंही कोणी सुचवलं. पण एक हलवला तर तिन्ही हलवावे लागणार आणि त्यासाठी समिती बोलवावी लागणार. तेव्हा नवा डबा त्याच खांबावर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी वीस चाचण्या झाल्या. वीसही वेळा भोंगा वेळेत वाजला. परदेशी ग्राहकाचा तपासनीस येणार होता, त्याला दाखवायला तक्ता तयार झाला. खाली आक्कांच्या सहीची जागा होती.

“सही न्हाय करनार.”

“वीस वेळा मोजलंय की ओ, आक्का. अजून किती?”

“सकाळी मोजलेलं सकाळचं. आनि डबा ह्यो न्हायतर दुसरा बंद पडनारच. वाट बघनं काढायला पायजे, सायेब. भोंगा आदी वाजूदे. बोलनारे मागनं बोलूदेत, ज्येला जवा जमंल तवा.”

“म्हणजे कोणीतरी आधी बोलणार.”

“व्हय.”

“समितीपुढे ठेवतो,” साहेब म्हणाले. तक्त्यावर त्यांनी स्वतः सही केली.

समितीची बैठक पुढच्या पंधरवड्यात ठरली, मग त्याच्या पुढच्या. ऊन वाढत होतं. एका शुक्रवारी दुपारी, पाळी सुटायच्या आधी, आक्कांनी कोणालाही न विचारता ती चौथी ओळ काढली. मग बाराशे अंशाच्या पुढे गेलेल्या भट्टीसमोर दहा वेळा खोटा आकडा पाठवून मोजलं. दहाही वेळा भोंगा एका सेकंदाच्या आत. शनिवारी दहा वेळा. सोमवारी दहा वेळा. मारुती म्हणाला, आक्का त्या तीन दिवसांत घरी गुणगुणत होत्या. हे त्याने आधी कधी ऐकलं नव्हतं.

मंगळवारी कारखान्यात नेहमीची चाचणी होती, सकाळी एक आणि दुपारी एक. भोंगा दोन्ही वेळा ताबडतोब वाजला. सकाळी एक भाषा शेवटी आली, अर्ध्या सेकंदाने. दुपारी दुसरी भाषा शेवटी आली, बऱ्याच सेकंदांनी. दोन्ही चाचण्यांचं कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. संध्याकाळी सहापर्यंत एक चित्रण आमच्या कचेरीत पोचलं होतं आणि दुसरं दुसऱ्या भाषेच्या दैनिकाच्या कचेरीत.

बातमी मी लिहिली. बावीस ओळी, आमच्या भाषेला दुय्यम स्थान, कामगारांत संताप. दोन नेत्यांच्या प्रतिक्रिया घेतल्या. कारखान्याच्या व्यवस्थापनाला फोन केला, त्यांनी बोलायला नकार दिला, तसं लिहिलं. आक्कांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. त्यांना फोन केला नाही. छापायची वेळ होत आली होती. दुसऱ्या दैनिकाने त्यांच्या भाषेसाठी जवळजवळ तेवढ्याच ओळी लिहिल्या.

बुधवारी सकाळी गेटवर दोन्हीकडचे लोक होते, पोलिसांची गाडी होती. दुपारपर्यंत जुना प्रोग्राम परत बसवण्यात आला. आक्कांना मेमो मिळाला: विनापरवानगी बदल. मुख्य मशीनचा पासवर्ड त्यांच्याकडून काढून घेतला. आकडे बघायचे, हात लावायचा नाही, असं तोंडी सांगितलं.

मी रविवारी वडगावला गेलो. रेखाने दार उघडलं आणि ती आत गेली. आक्का ओसरीवर माझ्याच बातमीचं पान पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मी काहीतरी सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, मध्येच रस्त्याकडे पाहिलं, मध्येच माझ्याकडे.

“बातमी चांगली लिवलासा,” त्या म्हणाल्या. “कोन काय बोललं, सगळं हाय. भोंगा किती वेळात वाजला, तेवडं न्हाय.”

मी म्हणालो, तेही लिहितो. दुसऱ्या दिवशी लिहून संपादकांकडे दिलं. ते म्हणाले, आत्ता नको, वातावरण तापलंय, समितीची बैठक झाली की एकत्र घेऊ. त्यानंतर दीड महिन्याने माझी निपाणीला बदली झाली. मजकूर त्यांच्याकडेच राहिला.

पावसाळ्यात आणि थंडीत डबा तापत नाही. त्या महिन्यांत आक्कांचा फोन आला नाही, मीही केला नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्या फाउंड्रीने नवा विभाग सुरू केला, त्याच्या कार्यक्रमाला मला बेळगावला पाठवलं. नारळ फुटला, भाषणं झाली. मग पाहुण्यांना कारखाना दाखवायला नेलं. जुन्या शेडमध्ये भट्टी चालू होती. शेडच्या दारातच उष्णता अंगावर आली आणि पाहुणे तिथेच थबकले.

मंचावर चार माणसं असायला हवीत, मला पाच दिसली. पाचवी व्यक्ती साडीवर खाकी कोट आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून उभी होती. पुढ्यात लोखंडी स्टुलावर एक लॅपटॉप, काळा पडदा, त्यावर सरकणारे पांढरे आकडे. गळ्यात दोरीला शिट्टी होती, पोलिसाकडे असते तशी. हात पाठीमागे बांधलेले.

“या वयात मंचावर?” मी मॅनेजर साहेबांना विचारलं.

“त्यांनी स्वतः अर्ज केला. अस्तराचा आकडा समोर उभं राहून बघायचा म्हणाल्या. नियमात बसतं ते.” मग म्हणाले, “शिट्टीला भाषा नाही. त्यावर कोणाची हरकत आली नाही.”

“समितीची बैठक?”

“घ्यायची आहे.”

“आणि आक्का?”

“पुढच्या महिन्याअखेर रिटायर होतायत. चांगला निरोप समारंभ करणार आहोत.”

मी जिन्यापर्यंत गेलो आणि खालून हाक मारली. भट्टीच्या घरघरीत ती पोचली असावी, कारण आक्कांनी एक हात पाठीमागून सोडवून माझ्या दिशेने वर केला. मान वळवली नाही. मी त्यांना इतका वेळ एकाच जागी बघत असलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं. मी उभा होतो तेवढ्यात एकदा त्यांचा हात शिट्टीकडे गेला. मंचावरची चारही माणसं हातातलं काम तसंच ठेवून थांबली. मारुतीने भंगाराचा तुकडा छातीशी धरला होता. काही क्षणांनी आक्कांनी शिट्टी सोडली आणि तुकडा भट्टीत पडला.

तीन वाजता पहिली पाळी सुटली. मी गेटवर थांबलो होतो. मारुती एकटाच आला, शर्ट पाठीला चिकटलेला. मोटरसायकल भिंतीला लावलेली होती, तिच्याकडे न जाता तो सावलीत उकिडवा बसला.

“आक्का?”

“थांबलीया. दुसऱ्या पाळीलाबी थांबतीया ती, उन्हाळा लागल्यापास्नं. रोज.”

“तू तर खाली आलास की.”

“मी आलो म्हनून काय झालं ओ?” त्याने माझ्याकडे पाहिलं. “वर मान्सं हाईतच की.”

पुढच्या महिन्यानंतर काय, असं मी विचारलं. त्याने जमिनीवरचा एक खडा उचलला, बघितला आणि परत ठेवला.

गेटमधून शेडचं दार दिसत होतं. दुसऱ्या पाळीची चार माणसं लोखंडी जिन्याने एकामागून एक वर चढली. जिना एकच आहे, अरुंद आहे, आणि उतरायलाही तोच. आक्का जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. सगळे वर आल्यावर त्यांनी स्टूल उचललं, कोणाच्या वाटेत येणार नाही असं मंचाच्या पार पलीकडच्या टोकाला, भट्टीमागे नेऊन ठेवलं, आणि त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या.